‘तर’नंतर येणारा ‘जर’

ती. मामांच्या सेवेशी,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात पेन असल्यामुळे ते नीट जुळत नाहीत; पण तुम्ही भाव बघाल, हस्ताक्षर बघणार नाही, अशी आशा आहे. ही आशा मी पाचवीत असल्यापासून बाळगून आहे.)

मामींच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. तुमचा खोकला, तुमचा चष्मा आणि तुमचा तिरसटपणा हे तिन्ही जागच्या जागी आहेत असं मामींनी फोनवर सांगितलं, तेव्हा बरं वाटलं. गेल्या रविवारी तुम्ही स्वतःही फोनवर चांगली दहा मिनिटं बोललात. काय बोललात ते मला कळलं नाही, पण तो विषय पत्राच्या शेवटी काढते, कारण आत्ताच काढला तर तुम्ही पुढचं वाचणार नाही. आमच्याकडे सगळी खुशाली. हे निवृत्त झाल्यापासून घरातल्या एकूण एक बिजागरीला तेल घालून झालं आहे, आणि आता बुधली हातात घेऊन ते माझ्याकडे बघत असतात. कन्या कॉलेजात जाते आणि इथल्या लोकांसारखं बोलत परत येते, म्हणजे अर्धं बोलते आणि अर्धं आपण समजून घ्यायचं असतं.

मुख्य बातमी आधी सांगून टाकते. माझी नोकरी शाबूत आहे. ती धोक्यात होती हेच तुम्हाला माहीत नसल्यामुळे तुमचा जीव भांड्याबाहेर नव्हता, पण माझा मंगळवारपासून होता, आणि काल शुक्रवारी दुपारी तो एकदाचा भांड्यात पडला. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. हे सगळं झालं एका अक्षरामुळे. अख्ख्या अक्षरामुळेही नव्हे, त्याच्या शेपटीमुळे. आणि रागावू नका मामा, पण याचं मूळ तुमच्या शिकवणीत आहे.

तुम्ही आम्हा भाचरांना शिकवलेलं इंग्रजी कडक इस्त्रीचं होतं. ‘आय वुड हॅव गॉन’ म्हणताना चारही शब्द कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे एकेक हात अंतरावर उभे पाहिजेत, आणि कुणी ‘वुड’मधला ‘ड’ खाल्ला की बोटांवर पट्टी. ‘अक्षरं खायला काय तुम्हाला घरी जेवायला मिळत नाही?’ असं तुम्ही विचारायचात. ते इंग्रजी घडी न मोडता ट्रंकेत घालून मी इथे आणलं, आणि इथे आल्यावर कळलं की ते इथे कुणी नेसतच नाही. इथे वुड नाही, हॅड नाही. दोघांचीही मुंडी उडवतात, उरलेला ‘ड’ आधीच्या शब्दाच्या शेपटीला बांधतात आणि पुढे चालू लागतात. आता तो ‘ड’ कुणाच्या धडाचा, हे ओळखायचं कसं? बरं, एवढ्यावर थांबतील तर शपथ. पहिल्याच आठवड्यात शेजारीण दारात येऊन म्हणाली, ‘आय’डव्ह’, आणि मी तिला हातरुमाल दिला. मला शिंक वाटली. नंतर कन्येने सांगितलं की त्या शिंकेत ‘आय वुड हॅव’ असे तीन शब्द होते, आणि बाई ‘मी आले असते, पण’ असं काहीतरी सांगत होती. (असा निरोप शिंकेतच द्यावा. त्याची योग्यता तेवढीच असते.)

आपण मराठी लोक काही धुतल्या तांदळासारखे नाही, हे मला मान्य आहे. ‘काय करतो आहेस’ असं विचारणारा माणूस माझ्या ओळखीत एकच, तो म्हणजे तुम्ही. बाकी सगळे ‘काय करतोयस’वर भागवतात. पण आपण गिळलं तरी घास दिसतो हो. ‘केलं असतं’मधला ‘असतं’ काही आपण कधी गिळत नाही. उलट तोच जरा लांबवून, मान हलवून, उसासा टाकून म्हणतो. न केलेल्या कामांवर आपलं फार प्रेम. इथले लोक न केलेली कामंसुद्धा उरकून टाकतात.

आता माझ्या कामाबद्दल. मागच्या पत्रात मी ‘दातांच्या क्षेत्रात’ असं मोघम लिहिलं होतं, त्यावरून मी डॉक्टरीण झाले असा मामींचा समज झाला आहे, तो कृपया दूर करावा. आमचा कारखाना कवळ्यांचा आहे. गावातले दंतवैद्य पेशंटच्या हिरड्यांची मापं पाठवतात, आम्ही त्यावरून प्लास्टरचे साचे काढतो, मेणात एकेक दात बसवतो, आणि मग मेणाच्या जागी पक्की हिरडी ओतून, घासून, चमकवून कवळी परत पाठवतो. एकूण तीन माणसं. एक मालकीणबाई, ज्या काचेच्या दारामागे बसून दिवसभर फोनवर असतात. दुसरे प्लास्टरबुवा, जे साचे काढतात. डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरे असतात आणि सुटीच्या दिवशी बाजारात भेटले तर ओळखू येत नाहीत. आणि तिसरी मी. माझं काम मेणात दात लावायचं आणि रंग जुळवायचा. (पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा असतात मामा. माणूस जितका खोटं हसतो तितकी त्याला पांढरी हवी असते.) हे काम मला जमलं, याचं श्रेयही तुमचंच. लहानपणी तुम्ही तपासलेल्या वह्यांत एक चुकलेला ठिपका शोधायला तास तास घालवलेत, त्या डोळ्यांपासून तिरका सुळा लपत नाही.

मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. सहा महिने बघू, मग ठेवायचं की नाही ते ठरवू. ती मुदत या शुक्रवारी भरत होती. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, दुसरीकडे बघायचं. पण मामा, एकोणपन्नासाव्या वर्षी खिडकीपाशी एक स्टूल, समोर दिवा, आणि हाताखाली माझ्या नावाची चिठ्ठी लावलेला, कुलपाचा खण. घरात तीस वर्षं सगळ्या खणांत सगळ्यांचं सगळं असतं. त्या खणात फक्त माझं होतं: सात सुऱ्या, एक भिंग आणि लिंबाच्या गोळ्या. त्या खणावर माझा जीव जडला होता.

तर मंगळवारी दुपारी मी साच्यांचा ट्रे घेऊन मालकीणबाईंच्या दारापाशी आले. दार हातभर उघडं होतं. बाई फोनवर होत्या. त्यांनी हसून कुणाला तरी सांगितलं की नव्या बाईंबद्दल म्हणाल तर, ‘आय’ड लेट हर गो’ (नोकरीवरून काढण्याला इथे ‘जाऊ देणं’ म्हणतात), आणि तेवढ्यात वाऱ्याने दार लागलं. ट्रेमधले चौदा जबडे एकदम वाजले. त्यातले काही माझे असतील.

मी जागेवर येऊन बसले आणि तुमची पद्धत लावली. ‘ड’ दिसला की पुढचं क्रियापद बघावं. तिसरं रूप असेल तर हॅड, पहिलं असेल तर वुड. इतकी सोपी परीक्षा. आणि पुढचं क्रियापद कुठलं निघावं? लेट. तुम्ही पाठ करून घेतलेली ती तिळी क्रियापदं आठवतात का, ज्यांची तिन्ही रूपं एकाच चेहऱ्याची? कट-कट-कट म्हणताना आम्ही पोरं हसायचो, पुट-पुट-पुट म्हणताना खरोखर पुटपुटायचो, आणि लेट-लेट-लेट तुम्ही रोज उशिरा येणाऱ्या मधल्या भावाला उभं करून म्हणायला लावायचात. त्या लेटने चाळीस वर्षांनी माझा गळा धरला. पहिलं रूप की तिसरं, देवालाही कळू नये. हॅड धरलं तर बाईंनी मला काढून टाकलंच होतं, फक्त मला सांगायचं राहिलं होतं. वुड धरलं तर बाई मला काढणार होत्या. व्याकरण कुठूनही सोडवा, उत्तर एकच: शुक्रवारी खण रिकामा.

घरी सल्ला घेतला. कन्या म्हणाली, ते संदर्भावर अवलंबून असतं. (हिच्या पिढीला पत्ता विचारला तरी संदर्भावर अवलंबून असतो.) ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि तू दोन्ही धरून चाल म्हणाले, आणि मग, धीर द्यावा म्हणून, घरी बसण्यात तसं काही वाईट नसतं, दोघं मिळून माळ्यावरचं सामान काढू, असंही म्हणाले. त्या क्षणी मला नोकरीची खरी किंमत कळली.

बुधवारी प्लास्टरबुवांना आडून आडून विचारलं. त्यांच्याशी माझा संवाद बेताचाच असतो. एकदा ते मागच्या दाराशी झटत होते आणि मला म्हणाले की दार ‘वुडन्ट ओपन’. मी म्हटलं, ‘नाही हो, लोखंडी आहे.’ मला वुडन वाटलं. दार उघडायला तयार नाही, एवढंच त्या बिचाऱ्यांना म्हणायचं होतं. (इथे दारंही वुड आणि नॉट वापरून रुसतात.) तेव्हापासून ते माझ्याशी जपून बोलतात. बुधवारी त्यांना विचारलं की समजा, एखादीबद्दल मालकीणबाई असं असं म्हणाल्या, तर अर्थ काय घ्यायचा? त्यांनी विचार केला, कपाळावरचं प्लास्टर खाजवलं आणि ‘दॅट’ड बी दॅट’ म्हणाले. म्हणजे झालं, संपलं. हे मात्र मला पहिल्या फटक्यात कळलं. वाईट बातमी असली की आपलं इंग्रजी सुधारतं.

मग गुरुवारी मी ठरवलं की जायचंच आहे तर ताठ मानेने जाऊ. खण आवरला. माझी सगळ्यात लाडकी सुरी, चपट्या पात्याची, जिच्यावाचून पुढच्या दातांतली फट नीट कोरता येत नाही, ती आठवण म्हणून प्लास्टरबुवांना दिली. (त्यांनी इतक्या लगेच घेतली, की त्यांना माझ्या जाण्याची पक्की बातमी आहे असं मी धरून चालले.) आणि मग मी एक काम केलं, जे सहा महिने पोटात धरून ठेवलं होतं. आमच्या गिऱ्हाइकांत एक घाईवाले डॉक्टर आहेत. माप घेताना पेशंटच्या तोंडातला मसाला घट्ट व्हायच्या आत उपसून काढतात, आणि मग ते लोळागोळा माप बघून दात आम्ही लावायचे. त्यांची मापं दुरुस्त करकरून माझे डोळे गेले. गुरुवारी नेमका त्यांचा फोन आला आणि नेमका मी उचलला. मामा, तुमची शपथ, मी आवाज चढवला नाही. मी तुमचंच इंग्रजी काढलं, घडी मोडली आणि एकेक शब्द एकेक हाताच्या अंतरावर उभा केला: ‘इफ यू हॅड वेटेड टू मिनिट्स, द पेशंट वुड हॅव गॉट ह्यूमन टीथ.’ आपण दोन मिनिटं थांबला असतात, तर पेशंटला माणसाचे दात मिळाले असते.  पलीकडून बारीक आवाजात ‘नोबडी’ड टोल्ड मी’ आणि फोन ठेवला. टोल्ड, म्हणजे तिसरं रूप, म्हणजे हॅड. कुणी मला सांगितलंच नव्हतं. एवढं मी दोन सेकंदांत सोडवलं. पण गेलेल्या नोकरीत व्याकरण सुटून उपयोग काय?

काल शुक्रवारी बाईंनी आत बोलावलं. मी बसले नाही. रात्रीपासून तयार ठेवलेलं भाषण उभ्यानेच म्हटलं. त्यात अकरा जर होते आणि अकरा तर, एकही अक्षर न गिळता. आधी कळवलं असतंत तर मी मनाची तयारी केली असती, माझं काम आवडलं नसतं तर तोंडावर सांगायला हवं होतं, माझ्या जागी मी असते तर मी मला काढलं नसतं, वगैरे. (शेवटचं वाक्य व्याकरणाला धरून होतं, अर्थाचं मी बघितलं नाही.) बाईंचा जबडा खाली आला. त्यांच्या दोन्ही बाजूच्या दाढा भरलेल्या आहेत हे मला तेव्हा प्रथमच दिसलं. मी थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘इतकं स्वच्छ इंग्रजी मी आत्तापर्यंत फक्त विमानात ऐकलंय. पण बाई, तुम्हाला काढतंय कोण?’

मी मंगळवारचं वाक्य त्यांच्यापुढे ठेवलं, दारासकट.

बाई टेबलावर डोकं टेकून हसल्या. फोन त्या घाईवाल्या डॉक्टरांचाच होता. कवळी परत गेली की कुठल्याही पेशंटची तक्रार येत नाही, हे काम करतं कोण, असं ते विचारत होते, आणि त्या बाईंना माझ्याकडे पाठवा म्हणून मागे लागले होते. त्यावर मालकीणबाईंनी दिलेलं अख्खं उत्तर असं होतं: ‘मी जाऊ दिलं असतं तिला, जर तशीच आणखी एक माझ्याकडे असती तर.’

मामा, मी तिथल्या प्लास्टरच्या पोत्यावर बसले. माझी चूक वुडची नव्हती आणि हॅडचीही नव्हती. माझी चूक मराठी होती. आपल्याकडे ‘जर’ आधी येतो. जर म्हटलं की माणूस कान टवकारतो, आणि तर आला की वाक्य पुरं झालं म्हणून चपला पायात सरकवतो. ह्या लोकांचा ‘तर’ पुढे धावतो आणि ‘जर’ मागून, रमतगमत, दार लागल्यानंतर येतो. तुम्ही दोन्ही प्रकार फळ्यावर लिहून दाखवले होते, मला आठवतं. ‘जर-तरचं वाक्य म्हणजे दोन पायांचा माणूस, एका पायावरून तो येतोय की जातोय ते ठरवू नये,’ असंही म्हणाला होतात. तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

सुटल्यासारखं वाटणं म्हणजे काय, ते मला काल कळलं. आधी उचकी लागली, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. बाईंनी पाणी दिलं आणि नेमणूकपत्र पुढे सरकवलं. ते मी तीनदा वाचलं. त्यात एकही अक्षर गिळलेलं नाही. कागदावर हे लोक अगदी तुमच्यासारखे वागतात. सही करताना मी घाबरत घाबरत गुरुवारच्या फोनचं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, ठाऊक आहे; सकाळपासून डॉक्टर हातात घड्याळ धरून मापं घेतायत, आणि आज प्रथमच त्यांच्याकडून माणसाच्या हिरड्या आल्यात.

घरी येऊन सांगितलं तेव्हा ह्यांनी माळ्याची शिडी परत नेऊन ठेवली. चेहरा थोडा पडला होता, पण आता त्या शिडीच्या बिजागरीला तेल घालतायत.

मामींना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा (आता पेन खाली ठेवून) दोन्ही हातांनी.

तुमची आता कायम झालेली भाची

ता. क. वरची ‘कायम झालेली’ वाचून तुम्ही मागचं पत्र काढाल, म्हणून आधीच कबूल करते. त्यातही मी नोकरी कायम झाल्याचं लिहिलं होतं. तेव्हा तसं काही झालेलं नव्हतं. ते वाक्य रूपाने भूतकाळी आणि अर्थाने भविष्यकाळी होतं. लाल शाईने दुरुस्त करून घ्यावं.

ता. ता. क. चपट्या पात्याची सुरी मी आज सकाळी प्लास्टरबुवांकडे परत मागितली. ते म्हणाले, ‘आय’ड गिव्ह इट बॅक’, आणि हातातला साचा खाली न ठेवता आत गेले. आता मी शहाणी झाले आहे. मी जरची वाट बघत पाऊण तास दारात उभी होते. अजून आलेला नाही.

ता. ता. ता. क. आता रविवारच्या फोनचं. मामा, पत्र लिहायचं खरं कारण हे आहे. तुमचे खालचे शेवटचे दोन दात गेले हे मामींनी मला सांगितलं आहे, तुम्ही त्यांना डोळे वटारलेत तरीही. कवळीचं विचारलं की तुम्ही चार वर्षं ‘बसवली असती, पण’ एवढं म्हणून पेपर उघडता, तेही ठाऊक आहे. रविवारी तुम्ही मला इंग्रजीतलं काहीतरी ठणकावून सांगत होतात, आणि माझ्या कानावर जे आलं त्यात एक वुड नव्हता, एक हॅड नव्हता. इथल्या शेजारणीची शिंक बरी. ज्या माणसाने एका ‘ड’साठी माझी बोटं लाल केली, त्याने फोनवर सगळेच ‘ड’ गिळावेत हे मला सोसलं नाही. फोन ठेवल्यावर मी जरा रडले, हे मामींना सांगू नका.

तेव्हा या आठवड्यात जवळच्या दंतवैद्याकडे जाऊन माप द्यायचं. तोंडातला मसाला घट्ट होईपर्यंत तोंड बंद ठेवायचं आणि त्याला काही शिकवायचं नाही. माप कापसात गुंडाळून मला पाठवायचं. वरचे आणि खालचे सगळे दात मी माझ्या स्टुलावर बसून स्वतः लावीन. छटाही मी निवडून ठेवली आहे, फार पांढरी नाही, तुम्ही खोटं हसत नाही म्हणून. ‘दिलं असतं, पण’ असं उत्तर आलं तर ते मी शिंक समजेन आणि उलट टपाली हातरुमाल पाठवीन. कवळी बसली की पहिला फोन मला करायचा आणि ‘आय वुड हॅव गॉन’ म्हणायचं, चारही शब्द एकेक हाताच्या अंतरावर. मी इकडे बोटं पुढे करून बसते.